एका आईचा दगड : पाइकविल, केंटकी

डोंगरवाट

आई दोन महिन्यांसाठी साताऱ्याहून इकडे लेक्सिंग्टनला आली आहे. पानं रंगली की सगळे तिकडे पूर्वेच्या डोंगरात जातात, म्हणून एका शनिवारी आम्हीही निघालो. अडीच-तीन तासांवर पाइकविल. ॲपलाचिया पर्वताच्या कुशीतलं, चारी बाजूंनी डोंगर असलेलं गाव. तिथल्या डिल्स दफनभूमीत मला खूप दिवसांपासून जायचं होतं. त्याबद्दलच हा धागा.

हॅटफिल्ड आणि मकॉय या दोन घराण्यांचं वैर अमेरिकेत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मधून टग फोर्क नावाची नदी वाहते. अलीकडे केंटकी, पलीकडे वेस्ट व्हर्जिनिया. अलीकडे रँडॉल्फ मकॉय, पलीकडे विल्यम अँडरसन हॅटफिल्ड, ज्याला सगळे 'डेव्हिल अँस' म्हणत. कोणी कोणाला मारलं, आधी कोणी हात उचलला, याच्यावर कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय. रँडॉल्फची बायको मात्र त्या सगळ्यात दोन-चार ओळींपुरती येते आणि जाते. तिचं नाव सारा, म्हणायचे सॅली. जन्म १८२९चा. माहेरचीही मकॉयच, रँडॉल्फची चुलतबहीण. तिला सोळा मुलं झाली.

ऑगस्ट १८८२. निवडणुकीच्या दिवशी दारू, बाचाबाची आणि मग मारामारी. तिच्या तीन मुलांनी, टॉलबर्ट, फार्मर आणि धाकट्या रँडॉल्फने, डेव्हिल अँसचा भाऊ एलिसन याला सव्वीस वेळा भोसकलं आणि वर गोळी घातली. पोलिसपाटील म्हणावा तसा अधिकारी त्यांना तुरुंगाकडे नेत होता. हॅटफिल्डांनी वाटेत गाठून तिघांना नदीपल्याड नेलं आणि एका शाळेच्या खोलीत बांधून ठेवलं. एलिसन तिकडे शेवटच्या घटका मोजत होता.

तेव्हा सॅली नदी ओलांडून तिथे गेली. थोरल्याची बायको बरोबर होती. ज्यांच्या भावाला आपल्या पोरांनी फाडलं त्यांच्याच दारात ही बाई पोरांसाठी पदर पसरायला गेली. (पदर नव्हता तिला, पण मला दुसरा शब्द सुचत नाही.) एलिसन जगला तर बघू, मेला तर ही तिघंही मेली, असं तिला ऐकवण्यात आलं. ९ ऑगस्टला एलिसन गेला. त्याच रात्री तिघांना परत केंटकीच्या काठावर आणून पॉपॉच्या झुडपांना बांधलं आणि गोळ्या घातल्या. पन्नासच्या आसपास गोळ्या, असं सांगतात.

तिच्यापुढे अजून बरंच वाढून ठेवलेलं होतं. १ जानेवारी १८८८च्या रात्री हॅटफिल्डांची टोळी मकॉयांच्या घरावर चालून आली. घराला आग लावली. मुलगी ॲलिफेअर दारातून बाहेर आली, तिला गोळी घातली. मुलगा कॅल्विन पळताना मारला गेला. रँडॉल्फ निसटला. सॅली आगीतून बाहेर आली ती मरणाऱ्या मुलीकडे जायला. साठीला टेकलेल्या त्या बाईला बंदुकीच्या दस्त्याने इतकं मारलं की तिची कवटी फुटली. मेली समजून टाकून गेले. ती मेली नाही.

मग हे कुटुंब पाइकविलला आलं. तिथेच तिचा शेवट झाला आणि तिथल्याच टेकडीवर, डिल्स दफनभूमीत ती आहे. शेजारी नवरा, मुलगी रोझॲना, मुलगा सॅम आणि त्याची बायको. मारली गेलेली पाचही मुलं मात्र इथे नाहीत. ती तिकडे जुन्या घराजवळ, ब्लॅकबेरी फोर्कच्या चढावर.

चढण उभी आहे. आईचं वय बहात्तर, दर दहा पावलांवर थांबत होतो. दगडापाशी पोचल्यावर मी तिला थोडक्यात गोष्ट सांगितली. तिने एकच विचारलं, "हिची किती गेली?" मी म्हटलं, पाच, आणि सहावी रोझॲना. आईने पिशवीतून रुमाल काढला आणि दगडावरच्या अक्षरांतली माती पुसायला लागली. इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं तिला, पण बोट प्रत्येक खाचेतून फिरवलं. खाली रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते, त्यांची घरघर वरपर्यंत येत होती. पेट्रोल पंपावर घेतलेली पिवळी शेवंती तिने तिथे ठेवली.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. सूड घेणाऱ्यांची नावं राहतात, सूडात मेलेल्यांची राहतात. मागे राहून जी जगते तिचा दगड कुठे असतो? आपल्याकडे असा एखादा कोणाला माहीत आहे का?

गोदाकाठ

ताई, वाचून थांबलोच. रोझॲनाबद्दल लिहा ना. तिचं प्रेमप्रकरण होतं ना हॅटफिल्डांच्या मुलाशी?

डोंगरवाट

हो. १८८०च्या निवडणुकीच्या दिवशी तिची आणि डेव्हिल अँसच्या जॉन्सीची गाठ पडली आणि ती त्याच्याबरोबर पलीकडे राहायला गेली. लग्न काही झालं नाही. परत आली. तिच्या भावांनी एकदा जॉन्सीला पकडलं तेव्हा ही मागितलेल्या घोड्यावर बसून रात्रीच डेव्हिल अँसकडे गेली आणि त्याला सावध केलं. म्हणजे जॉन्सी वाचला तो हिच्यामुळे. पुढच्या वर्षी त्याने लग्न केलं ते हिच्याच चुलतबहिणीशी, नॅन्सी मकॉयशी. रोझॲनाचं बाळही गेलं.

गोष्ट सांगताना लोक हिलाच नायिका करतात. तिशीच्या आत गेलेली, प्रेमात फसलेली, त्यामुळे सांगायला सोपी. मला मात्र दोघींचे दगड जवळजवळ बघताना वाटलं की बापाने तोंड फिरवलेल्या त्या मुलीला शेवटी थारा मिळाला तो आईजवळच. १८८८च्या त्या रात्रीनंतर कवटी फुटलेल्या आईची शुश्रूषा रोझॲनाने केली. आणि मग आईच्या आधी तीच गेली.

वकीलकाका

डोंगरवाटताई, उत्तम लिहिलंय. कायद्याच्या बाजूने थोडं घालतो, कारण त्यात सॅलीबाईंचा थेट संबंध आहे.

१८८२च्या तीन खुनांनंतर केंटकीतल्या ज्युरीने वीस जणांवर आरोप ठेवले. पाच वर्षं एकालाही अटक नाही. नदी ओलांडली की दुसरं राज्य. १८८७मध्ये पाइकविलचा वकील पेरी क्लाइन याने केंटकीच्या गव्हर्नरकडून हे प्रकरण पुन्हा उकरून काढलं. या क्लाइनची स्वतःची पाच हजार एकर जमीन डेव्हिल अँसकडे गेली होती, हेही ध्यानात ठेवा. फ्रँक फिलिप्स नावाचा डेप्युटी नदीपल्याड घुसून माणसं धरून आणू लागला. साक्षीदारच संपवले तर खटला उभा राहणार नाही, या हिशेबाने नववर्षाच्या रात्री मकॉयांचं घर जाळलं गेलं. म्हणजे सॅलीबाई त्या रात्री 'साक्षीदार' म्हणून मारण्याच्या यादीत होत्या.

पळवून आणलेल्या माणसांवर खटला चालवता येतो का, हा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 'माहोन विरुद्ध जस्टिस', १८८८. सात विरुद्ध दोन असा निकाल: आणलं बेकायदा असेल, पण आता आलाच आहात तर खटला चालेल. १८८९मध्ये पाइकविलला सुनावणी झाली. सात जणांना जन्मठेप, एकाला फाशी. आणि त्या कोर्टात सॅलीबाईंनी साक्ष दिली. सात वर्षांपूर्वी शाळेच्या त्या खोलीत आपण मुलांसाठी कशा विनवण्या केल्या आणि आपल्याला काय उत्तर मिळालं, ते त्यांनी शपथेवर सांगितलं. कवटीला इजा झालेली, पाच मुलं गमावलेली बाई साक्षीदाराच्या जागी उभी राहते, त्याला काय लागत असेल हे मी चाळीस वर्षांच्या वकिलीवरून सांगतो. धडधाकट पुरुष उलटतपासणीत ढासळतात.

माणदेशी_पोर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लॉगिन केलं, एरवी फक्त वाचतो.

आमच्याकडे भाऊबंदकीत, बांधावरून, माझ्या आजीचा थोरला मुलगा मारला गेला. मारणारे सख्खे चुलते. त्यातलाही एक जण त्याच दिवशी जखमांनी गेला. ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. बांध आजही तिथेच आहे, हातभर रुंदीचा, त्यावर घायपात लावलाय.

आजी चुलत्यांच्या घरातल्या कुणाशी पुढे कधी बोलली नाही. पण मुलाच्या श्राद्धाला ती दोन पानं वाढायची. लहानपणी मला वाटायचं, एक काकांचं आणि एक आजोबांचं. मोठा झाल्यावर विचारलं तर म्हणाली, "त्येंच्याबी घरातलं मानूस गेलंच की. त्येची आय कवाच मेली, त्येला कोन वाढनार?" एवढंच बोलली आणि चुलीकडे वळली.

तिचा दगड नाही. पण माझ्या आईने ते दुसरं पान अजून चालू ठेवलंय.

डोंगरवाट

दादा, हे मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. तुमच्या आजींना नमस्कार.

शिळालेख

वीरगळांवर थोडंफार काम केलंय म्हणून लिहितो. आपल्याकडे गावोगावी, देवळाच्या मागे, पारावर, कधी शेताच्या कडेला वीरगळ दिसतात. सहसा तीन टप्पे. खाली लढाई आणि मृत्यू, मध्ये अप्सरा वीराला वर घेऊन जातात, सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. बोरिवलीजवळ एकसरला तर आरमारी लढाईचे वीरगळ आहेत, त्यावर जहाजं कोरलेली आहेत. कित्येक वीरगळ तर गाईगुरं वाचवताना मेलेल्या साध्या माणसांचे.

बाईसाठी दगड आहे तो सतीशिळेचा. कोपरात वळलेला उजवा हात, तळवा वर, मनगटात बांगड्या. म्हणजे नवऱ्यामागे गेली तर तिचा हात दगडावर आला. मागे राहिली, पोरं वाढवली, शेत राखलं, तिच्यासाठी आपल्या शिल्पकारांकडे चिन्हच नव्हतं. इतकी वर्षं हे दगड बघतोय, पण ही गोष्ट आज पहिल्यांदा ध्यानात आली. धाग्याबद्दल आभार.

टेकडीपल्याड

मी वेस्ट व्हर्जिनियात, चार्ल्सटनला राहतो, म्हणजे तुमच्या भाषेत नदीच्या पलीकडचा. एक मुद्दा मांडतो, राग मानू नका.

लोगन काउंटीत सारा ॲन नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर डेव्हिल अँसच्या थडग्यावर त्याचा पूर्णाकृती पुतळा आहे, इटलीच्या संगमरवराचा. लांब कोट, गुडघ्यापर्यंत चामडी वेष्टनं, छातीवर दाढी. १९२१मध्ये तो अंथरुणात मेला. दहा वर्षं आधी नदीत बुडी घेऊन बाप्तिस्मा घेतला होता. सगळे त्या पुतळ्याबरोबर फोटो काढतात. मी मात्र चौथरा वाचला. त्यावर त्याच्या बायकोचं, लेव्हिसीचं नाव आहे आणि तेरा मुलांची नावं. तिलाही मुलं पुरावी लागली. ट्रॉय आणि इलायस ही तिची दोन मुलं १९११मध्ये एकाच दिवशी गोळीबारात मेली. वैर तोवर संपलं होतं, भांडण दारूच्या धंद्याचं होतं. पण ज्या घरात बंदूक कायम खुंटीला असते, तिथे ती कधीतरी आपल्यावर उलटतेच. डेव्हिल अँसचा भाऊ एलिसन, त्याची बायकोही विधवा झाली. फाशी गेलेला एलिसन माउंट्स, ज्याला कॉटनटॉप म्हणत, तो तर बुद्धीने कमी होता असं सगळेच सांगतात. मोठे सुटले आणि १८ फेब्रुवारी १८९०ला हजारो लोकांसमोर त्याला लटकवलं. त्यालाही आई होतीच की.

म्हणून म्हणतो, सॅलीबद्दल लिहा, पण नदी दोन्ही काठांनी बघा.

डोंगरवाट

राग कसला? तुमचं बरोबर आहे. लेव्हिसीच्या दोन मुलांबद्दल मला माहीत नव्हतं. माणदेशी दादांच्या आजींनी तेच तर केलं, दुसरं पान वाढलं.

एवढंच म्हणेन की पुतळा आणि दगड यांतला फरक मला बोचतो. घर जाळायचा बेत ज्यांनी केला त्या घराण्याच्या प्रमुखाला संगमरवर मिळालं (तो स्वतः त्या रात्री हजर नव्हता, हेही खरं). सॅलीचं नाव पुढच्या पिढ्यांनी राखलं म्हणून राहिलं. आणि रँडॉल्फ? तो पाइकविलला होडी चालवायचा, माणसांना नदीपार करायचा. १९१४मध्ये भाजून गेला, चुलीच्या आगीने. आगीने त्या कुटुंबाचा पिच्छा काही सोडला नाही.

सुमेधा_के

हे सगळं डुकरावरून सुरू झालं असं वाचलं होतं. खरं का?

वकीलकाका

डुकराचा खटला झाला १८७८मध्ये. कानावरच्या खुणांवरून मालकी ठरत असे. रँडॉल्फ म्हणाला, फ्लॉइड हॅटफिल्डकडचं डुक्कर माझं. न्यायाधीशही हॅटफिल्ड. ज्युरीत सहा हॅटफिल्ड, सहा मकॉय. एका मकॉयने हॅटफिल्डांच्या बाजूने मत दिलं आणि रँडॉल्फ हरला. उलट बाजूने साक्ष देणारा बिल स्टेटन दोन वर्षांनी मकॉयांच्या हातून मेला. पण 'डुकरावरून खून' हे वर्तमानपत्रांना आवडलेलं रूप. त्याआधी १८६५मध्ये रँडॉल्फचा भाऊ एसा हार्मन, जो अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतून आला होता, तो मारला गेला होता. तरी त्यानंतर तेरा वर्षं शांततेची गेली आणि रँडॉल्फ स्वतः दक्षिणेच्या बाजूने लढलेला. तेव्हा यादवी युद्धाचंही बोट सरळ धरता येत नाही. अल्टिना वॉलर या इतिहासकार बाईंनी दाखवलंय की १८८७नंतरची दुसरी फेरी पेटली ती लाकूड, कोळसा आणि येऊ घातलेल्या रेल्वेमुळे जमिनीला आलेल्या किमतीतून. मला ते पटतं. बांधाच्या केसेस आयुष्यभर लढवल्यात मी. भांडण मानाचं म्हणून सांगतात, सातबारा उघडला की खरं कळतं.

पुणेरी_वाचक

त्या दफनभूमीबद्दल अजून सांगा. डिल्स कोण?

डोंगरवाट

कर्नल जॉन डिल्स, पाइकविलचा व्यापारी, यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूचा. जमीन त्याची. पूर्व केंटकीत गोरे आणि काळे एकाच दफनभूमीत पुरले गेले ती ही पहिली जागा असं तिथे सांगतात. शंभराहून जास्त कृष्णवर्णीय माणसं तिथे आहेत. कित्येकांना नावाचा दगडही नाही. आम्ही उतरताना बाजूला बघितलं तर गवतात नुसते खडबडीत दगड उभे, कुठे तेही नाहीत, फक्त जमीन थोडी खचलेली. आई तिथेही थांबली. फुलं संपली होती. तिने वाकून एका खचलेल्या जागेवरची सुकी पानं बाजूला केली.

सॅलीचा दगड शोधत लोक इतका चढ चढतात आणि या माणसांवरून चालत जातात, हे लिहायला हवं होतं मी पहिल्याच पोस्टमध्ये. राहून गेलं.

गोदाकाठ

दोन्ही घराण्यांत पुढे समेट झाला का?

टेकडीपल्याड

झाला. १९७६मध्ये बळी गेलेल्यांच्या स्मारकाच्या वेळी जिम मकॉय आणि विलिस हॅटफिल्ड यांनी सगळ्यांसमोर हात मिळवला. विलिस हा डेव्हिल अँसचा हयात असलेला शेवटचा मुलगा. पुढे १४ जून २००३ला पाइकविलमध्ये दोन्हीकडच्या वंशजांनी तहावर सह्या केल्या. मी इकडे आलो तेव्हा या तहाची मला गंमत वाटली होती, शंभर वर्षांनी तह कसला म्हणून. नंतर एका सहकाऱ्याने सांगितलं की त्याच्या आजीला 'त्या' आडनावाच्या मुलाबरोबर शाळेत बाकावर बसू देत नसत. मग नाही गंमत वाटली.

वकीलकाका

एक भर. त्याच सुमारास मकॉय वंशजांना ब्लॅकबेरी फोर्कच्या दफनभूमीत जायला मिळावं म्हणून कोर्टात जावं लागलं. जमीन खासगी आणि मालक सोडेना. पाच भावंडांच्या थडग्यांपर्यंत जाण्यासाठी दावा लावावा लागतो, यावर मी जास्त काही लिहीत नाही.

शिळालेख

ती पाच भावंडं एकत्रच आहेत का?

डोंगरवाट

हो. तिन्ही भावांना १८८२मध्ये एकाच खड्ड्यात पुरलं. साडेपाच वर्षांनी त्याच चढावर कॅल्विन आणि ॲलिफेअर. पाचांच्या नावाचा दगड १९७०च्या दशकात लागला. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं त्या जागेवर नाव नव्हतं. जळालेल्या घराची जागा अलीकडे उत्खननात सापडली, कोळसा झालेलं लाकूड आणि बंदुकीच्या गोळ्या निघाल्या.

आणि सॅली पाइकविलला. मधे डोंगरांच्या रांगा. ती पाइकविलला आल्यावर परत कधी त्या चढावर गेली का, याचाच विचार मी त्या दिवशी गाडी चालवताना करत होते. जखमी डोकं, खोगिरावरचा प्रवास. मुलांना पुरलं तेव्हा १८८८मध्ये ती तर शुद्धीवरही धड नसेल.

माणदेशी_पोर

ताई, परत जाणार आहात का तिकडे?

डोंगरवाट

आईचं विमान पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी ब्लॅकबेरी फोर्कला जायचं ठरवलंय. आधी विचारून, परवानगी घेऊन. तिने आजच हट्ट धरला आणि वही पुढे केली, तिची स्तोत्रांची आणि पाककृतींची जुनी वही, म्हणाली मराठीत नावं लिहून दे, तिथे गेल्यावर मला म्हणता आली पाहिजेत. मी मोठ्या अक्षरांत लिहून दिली. आत्ता स्वयंपाकघरात बसून ती म्हणते आहे, मधेच अडखळते, परत पहिल्यापासून सुरू करते. टॉलबर्ट. फार्मर. रँडॉल्फ. कॅल्विन. ॲलिफेअर.

ॲलिफेअरला अडतंय तिचं. मी मधे बोलत नाहीये.